भूमिती उन्हाळ्यात उरकावी का?

अमेरिकेतल्या हायस्कुलांत फेब्रुवारी-मार्चचे दिवस पुढच्या वर्षाच्या विषयनिवडीचे असतात. घरी एक फॉर्म येतो, त्यावर पालकांची संमती लागते, आणि इंग्रजी, विज्ञान, इतिहास, संगीत अशा बाकीच्या सगळ्या रकान्यांवर मिळून जेवढा खल होत नाही तेवढा एकट्या गणिताच्या रकान्यावर होतो. मराठी घरे त्याला अपवाद नाहीत. मंडळाच्या गणपतीत किंवा रविवारच्या मराठी शाळेबाहेर ताटकळणाऱ्या पालकांत ‘तुमचा कोणत्या गणितात आहे?’ हा प्रश्न ज्या सहजतेने विचारला जातो, ती सहजता मुलाच्या वाचनाबद्दल किंवा झोपेबद्दल क्वचितच दिसते. मधला एखादा कोर्स गाळून मुलाला वर्षभर पुढच्या गणितात बसवावे का, हा त्या चौकशीमागचा खरा प्रश्न असतो. तो घरगुती वाटला तरी केवळ घरगुती नाही. शाळांची धोरणे, राज्यांचे कायदे आणि एका शहरात तर थेट मतदान, इथपर्यंत तो पोहोचलेला आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना ही रचना थोडी अनोळखी वाटेल. आपल्याकडे नववीची सगळी मुले एकच गणित शिकतात. बीजगणिताचे आणि भूमितीचे पुस्तक एकाच वर्षी, शेजारी शेजारी चालते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हेच गणित वर्षावर्षाच्या स्वतंत्र कोर्सांत वाटलेले असते: अल्जिब्रा वन (बीजगणित), मग जॉमेट्री (भूमिती), मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस (कलनाची पूर्वतयारी) आणि शेवटी कॅल्क्युलस (कलन). नववीत अल्जिब्रा वन घेणारे मूल बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचते. बारावीत कॅल्क्युलस हवे असेल तर अल्जिब्रा वन आठवीतच व्हावा लागतो, आणि सातवीत झाला तर अकरावीतच कॅल्क्युलस संपून बारावीत जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचे) वर्ग शोधावे लागतात. म्हणजे मूल कोणत्या यत्तेत आहे यापेक्षा ते कोणत्या कोर्सात आहे याला महत्त्व येते, आणि एकाच वर्गात नववीपासून अकरावीपर्यंतची मुले बसलेली असतात. आजोबांच्या पिढीत हुशार मुलाला ‘डबल प्रमोशन’ मिळत असे तेव्हा अख्खी यत्ताच गाळली जाई. इथे फक्त गणिताची पायरी गाळली जाते, आणि म्हणूनच ती गाळणे फार सोपे, जवळपास निर्धोक वाटते.

या विषयावर बोलताना तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात, आणि बहुतेक वाद त्यामुळेच भरकटतो. पहिली गोष्ट म्हणजे जे मुलाला खरोखर येते ते पुन्हा वर्षभर शिकायला न लावणे. पुण्याहून किंवा नाशिकहून नववी पूर्ण करून आलेली मुलगी बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणे, समांतर रेषा, वर्तुळ, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमितीची सुरुवात असे सगळे शिकून आलेली असते. पण तिच्या गुणपत्रिकेवर ‘गणित’ एवढाच एक शब्द असतो, आणि अल्जिब्रा वन किंवा जॉमेट्री असे नाव कुठेच सापडत नाही म्हणून तिला नववीतल्या मुलांबरोबर पहिल्या पायरीवर बसवले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे जे येत नाही ते उन्हाळ्याच्या सहा-आठ आठवड्यांत दाबून बसवणे. तिसरी म्हणजे मधला कोर्स न शिकताच, ‘जमून जाईल’ या भरवशावर पुढे उडी मारणे. यांतले पहिले मुलाच्या हक्काचे आहे आणि शाळांनी ते नाकारू नये, असे माझे मत आहे. उरलेल्या दोन्हींना मी विरोध करतो, कारण त्यांत वेळ वाचत नाही. तो पुढच्या वर्षांच्या खात्यावर उधार घेतला जातो, आणि वसुली नेमकी कॅल्क्युलसच्या वर्गात होते.

ती वसुली कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. मी शनिवारी काही मुलांना गणितात मदत करतो. त्यांच्यातला दहावीतला एक मुलगा, जो बराच पुढे, कॅल्क्युलसपर्यंत गेला होता, १/क्ष या फलाचा (फंक्शनचा) डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, विचारला की क्षणात उणे १/क्ष² असे सांगत असे, कारण घातांकाचा नियम त्याला तोंडपाठ होता. तेच उत्तर व्याख्येवरून काढायला सांगितले तेव्हा त्याने १/(क्ष + ह) उणे १/क्ष आणि त्या सगळ्याला ह ने भागायचे, इतके बिनचूक लिहिले आणि तिथेच थांबला. पुढे कॅल्क्युलस असे काही उरलेलेच नव्हते. दोन अपूर्णांकांना समान छेद द्यायचा, वर क्ष उणे (क्ष + ह) उरते, त्यातून उणे ह निघतो, तो खालच्या ह बरोबर जातो, आणि मग ह शून्याकडे नेला की उत्तर समोर येते. त्याने समान छेद द्यायच्या ऐवजी १/(क्ष + ह) याचे १/क्ष अधिक १/ह असे दोन तुकडे केले. ही चूक कॅल्क्युलसची नाही, अल्जिब्रा टूची आहे, किंबहुना तिचे मूळ सहावी-सातवीच्या अपूर्णांकांत आहे. मुलगा आळशी नव्हता आणि मंद तर मुळीच नव्हता. परिमेय पदावल्या ज्या वर्षात शंभरदा हातातून जायच्या त्या वर्षाची त्याची जागा एका उन्हाळ्याने घेतली होती, आणि उन्हाळ्यात ती पदावली त्याच्या हातातून फार तर दहा वेळा गेली असेल.

कॅल्क्युलस शिकवणारा कोणीही शिक्षक सांगेल की वर्गात मुले सीमेच्या (लिमिटच्या) किंवा क्षेत्रफळाच्या कल्पनेपाशी फारशी अडत नाहीत. त्या कल्पना सुंदर आहेत आणि चित्र काढून पटवताही येतात. मुले अडतात ती लॉगरिदमच्या नियमांत, ऋण आणि अपूर्णांकी घातांकांत, चिन्हांच्या गोंधळात आणि त्रिकोणमितीची एखादी नित्य समानता वेळेवर न आठवण्यात. हे कौशल्य समजावून सांगून येत नाही, सरावाने हातात बसते. ज्या गोष्टी मनन करून येतात त्या हुशार मूल वेगाने शिकते. ज्या गोष्टी हाताला लागाव्या लागतात त्यांचा वेग हुशारीने फारसा वाढत नाही. एखादा कोर्स दाबून बसवला की नेमका हा दुसरा भाग गळतो, आणि परीक्षेत मात्र पहिला भाग दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

जॉमेट्रीची गोष्ट निराळी आहे, आणि मला वाटते जास्त गंभीर आहे. गाळण्यासाठी म्हणा किंवा उन्हाळ्यात उरकण्यासाठी म्हणा, पालकांची पहिली नजर याच कोर्सावर पडते, कारण अल्जिब्रा वन आणि अल्जिब्रा टू यांच्या मध्ये तो अडसरासारखा उभा दिसतो आणि पुढच्या बीजगणिताला त्याची गरज वरवर पाहता भासत नाही. नववी संपली की जूनमध्ये ऑनलाइन जॉमेट्री सुरू, ऑगस्टच्या आधी संपली, आणि दहावीत थेट अल्जिब्रा टू, हा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात इतका रुळलेला मार्ग आहे की त्याला कोणी गाळणे म्हणतही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र याबाबत एक अर्थपूर्ण नियम ठेवला आहे. वरच्या पायरीच्या बीजगणितात चांगली श्रेणी मिळाली तर खालचा कोर्स झाला असे तिथे मानता येते, पण ही सवलत भूमितीला लागू नाही. भूमिती कुठेतरी, कधीतरी शिकलेली असावीच लागते. नियमामागचा हेतू काहीही असो, त्यातले शहाणपण मला पटते. हायस्कूलच्या अमेरिकी गणितात ‘सिद्ध करा’ हे शब्द जवळपास फक्त याच एका कोर्सात भेटतात. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने आपण शाळेत जे प्रमेय लिहीत होतो, त्याची इथली आवृत्ती म्हणजे दोन स्तंभांत लिहायची सिद्धता: डावीकडे विधान, उजवीकडे कारण. सहा आठवड्यांच्या पडद्यावरच्या कोर्सात कोन मोजता येतात, सूत्रे पाठ होतात, बहुपर्यायी प्रश्न सुटतात. पण ‘हे खरे आहे हे तुला कशावरून माहीत?’ असे विचारून मुलाची सिद्धता तीनदा परत पाठवणारा माणूस तिथे नसतो. ज्या मुलाला पुढे गणित, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र करायचे आहे, त्याच्यासाठी तर हाच कोर्स सगळ्यांत कमी गाळण्याजोगा आहे, आणि नेमके तेच मूल तो गाळत असते.

त्या मानाने प्रीकॅल्क्युलसबद्दल मी बराच मवाळ आहे. त्यातला मोठा भाग अल्जिब्रा टूची उजळणी असतो, आणि ज्या शाळेत अल्जिब्रा टूचा ऑनर्स वर्ग त्रिकोणमितीसह नीट शिकवला जातो तिथल्या चांगल्या विद्यार्थ्याने थेट कॅल्क्युलसला जायला हरकत नसावी. एकक वर्तुळ आणि लॉगरिदम पक्के असले म्हणजे झाले.

आता अनुभवाचा पुरावा पाहू, कारण हा प्रयोग अमेरिकेने घाऊक प्रमाणात करून पाहिला आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य शिक्षण मंडळाने २००८ मध्ये आठवीच्या प्रत्येक मुलाची चाचणी अल्जिब्रा वनमध्येच घेण्याचा निर्णय केला. न्यायालयाने तो अडवला, तरी शाळांवरचा दबाव आधीपासून होता आणि आठवीत अल्जिब्रा वन घेणाऱ्यांचे प्रमाण अर्ध्याच्या वर गेले. पुढे झालेल्या अभ्यासात, ज्या डिस्ट्रिक्टांनी (स्थानिक शाळा-प्रशासनांनी) सरसकट मुलांना पुढे ढकलले तिथली दहावीची गणिताची कामगिरी सुधारण्याऐवजी खालावलेली आढळली. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग डिस्ट्रिक्टने त्याआधी, २००२ च्या सुमारास, मध्यम गुणांच्या मुलांना आठवीतच अल्जिब्रा वनला बसवले होते. चार्ल्स क्लॉटफेल्टर, हेलन लॅड आणि जेकब व्हिगडॉर या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा माग काढला तेव्हा असे दिसले की अल्जिब्राच्या परीक्षेत ती तर मागे पडलीच, पण पुढे जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू वेळेत पास होण्यातही त्यांना काही फायदा झाला नाही. कल्पना अशी होती की हुशार मुले आठवीत अल्जिब्रा शिकतात, तर आठवीत अल्जिब्रा शिकवल्याने मुले हुशार होतील. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल आपण पालकही रोज करतो.

याच्या अगदी उलट दिसणारा पुरावा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासाचा आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा देऊन त्यांनी गणितातली असामान्य मुले शोधली, आणि तो गट पुढे कित्येक दशके अभ्यासला गेला. आता ते काम व्हँडरबिल्ट विद्यापीठात चालते. या मुलांपैकी ज्यांना वेगाने पुढे जाऊ दिले त्यांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. पुढच्या शिक्षणात आणि संशोधनात ती उत्तम चालली. वेगाच्या बाजूने बोलणारे लोक नेहमी याच अभ्यासाकडे बोट दाखवतात, आणि तो खराही आहे. फक्त ती मुले कशी निवडली गेली होती हे सांगायचे राहून जाते. सातवीत असताना हायस्कूलच्या शेवटाची परीक्षा उत्तम देणारे मूल हायस्कूलचे गणित बऱ्याच अंशी शिकून बसलेले असते. त्याला पुढे पाठवणे म्हणजे वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली गोष्ट करणे. म्हणून शार्लट आणि हॉपकिन्स यांचे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. एकीकडे न येणारे उरकले गेले, दुसरीकडे येणारे गाळले गेले.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ‘मुलाला खरोखर येते’ हे ठरवणार कोण? आजवर हे बहुतेक ठिकाणी शिक्षकाच्या शिफारशीने आणि पालकाच्या आवाजाने ठरत आले आहे, आणि या दोन्हींत कोणाची मुले मागे राहतात हे उघड आहे. कॅलिफोर्नियात आठवीत अल्जिब्रा व्यवस्थित पास झालेल्या मुलांना, त्यातही कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना, नववीत पुन्हा त्याच वर्गात बसवण्याचे प्रकार पुढे आले, आणि त्यातूनच २०१५ मध्ये कायदा करून नववीच्या गणितातला प्रवेश वस्तुनिष्ठ निकषांवर ठरवण्याचे बंधन डिस्ट्रिक्टांवर आले. सॅन फ्रान्सिस्कोने मात्र असमानतेवर दुसराच उपाय शोधला होता. २०१४ पासून तिथल्या सार्वजनिक शाळांनी आठवीतला अल्जिब्रा वन सगळ्यांसाठीच बंद केला. सगळी मुले नववीत एकत्र सुरुवात करतील म्हणजे दरी बुजेल, असा हिशेब होता. झाले असे की ज्यांना परवडत होते त्यांनी बाहेर पैसे भरून तो कोर्स करून घेतला, ज्यांना परवडत नव्हते ती मुले थांबली, आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुढे तपासले तेव्हा वरच्या गणितातली वांशिक दरी फारशी हललेली नव्हती. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा मंडळाने आठवीतला अल्जिब्रा परत आणण्याचे ठरवले आणि मार्चमधल्या सल्लात्मक मतदानात पाचांपैकी चारांहून अधिक मतदारांनी त्याच बाजूने कौल दिला.

मी वेगाचा पुरस्कर्ता नाही, तरी सॅन फ्रान्सिस्कोचे ते धोरण मला सर्वांत वाईट वाटते. आठवीच्या वर्गात ज्याला सगळे येते असे मूल वर्षभर खिडकीबाहेर पाहत बसते, आणि त्याला गणित कंटाळवाणे आहे असा जो धडा मिळतो तो पुढे पुसता येत नाही. त्यापेक्षा टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायना यांनी धरलेली वाट बरी आहे. टेक्सासने २०२३ च्या कायद्याने पाचवीच्या राज्य परीक्षेत वरच्या चाळीस टक्क्यांत येणाऱ्या मुलांना सहावीत आपोआप पुढच्या गणितात घालायचे ठरवले. नको असेल तर पालकांनी तसे कळवायचे. नॉर्थ कॅरोलायनात २०१८ पासून वार्षिक परीक्षेत सर्वोच्च पातळी गाठणाऱ्यांसाठी अशीच तरतूद आहे. चाळीस टक्के ही मर्यादा मला सैल वाटते, पण तत्त्व योग्य आहे: दार परीक्षेने उघडावे, ओळखीने किंवा क्रेडिट कार्डाने नव्हे.

आपल्या घरांतल्या हेतूंकडेही जरा पाहिले पाहिजे. मराठी पालक घाई करतात त्यामागे बहुधा मुलाची गणिताची भूक नसते. कॉलेजप्रवेशाची धास्ती असते. ती धास्ती आपण येताना बरोबर आणली आहे. आठवीपासून ‘फाउंडेशन’च्या क्लासला घालून अकरावीचा अभ्यासक्रम सुरू करणारी पद्धत पुण्या-मुंबईत, लातूर-नांदेडात आज सर्रास दिसते, आणि तिचेच हे कॅलिफोर्नियातले किंवा न्यू जर्सीतले रूप आहे. त्या धास्तीचा पाया किती पक्का आहे? अमेरिकेची गणित संघटना आणि गणितशिक्षकांची राष्ट्रीय परिषद यांनी २०१२ मध्ये संयुक्त निवेदन काढून स्पष्ट केले होते की बारावीपर्यंत कॅल्क्युलस उरकणे हे शालेय गणिताचे अंतिम उद्दिष्ट नाही. कॉलेजात जे शिकायचे असेल त्यासाठी गणिताचा पाया तयार होणे हे उद्दिष्ट आहे. कॅलटेकसारख्या संस्थेनेसुद्धा २०२३ मध्ये, ज्यांच्या शाळेत कॅल्क्युलस मिळत नाही त्यांना आपली तयारी दुसऱ्या मार्गांनी सिद्ध करण्याची मुभा दिली. अर्थात निवेदनांनी स्पर्धा थांबत नाही, हे मलाही दिसते. एपी कॅल्क्युलसच्या, म्हणजे हायस्कुलात देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या, दोन परीक्षांना मिळून दर वर्षी चार लाखांहून अधिक मुले बसतात, आणि अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रिकेवर) बारावीपर्यंत कॅल्क्युलस असलेले चांगलेच. पण बारावीत कॅल्क्युलस असणे आणि दहावीत कॅल्क्युलस असणे यांत प्रवेशाच्या दृष्टीने जो काही फरक पडत असेल, तो श्रेणी घसरल्याने होणाऱ्या नुकसानीपुढे टिकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ ज्या जीपीएवर (श्रेणींच्या सरासरीवर) अर्ज पाहते तो मुख्यतः दहावी-अकरावीच्या वर्षांचा असतो. म्हणजे झेपत नसलेल्या कोर्सातला ‘सी’ नेमका मोजला जाणाऱ्या वर्षांत पडतो.

ट्रान्सक्रिप्टवरच्या नावांचा भाव तसाही उतरतो आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या एका समितीने अहवाल दिला, त्यानुसार हायस्कूलच्या पातळीचेही गणित न येणाऱ्या नवागतांची संख्या पाच वर्षांत जवळपास तीसपट झाली होती, आणि त्यांतल्या अनेकांच्या शाळेच्या गुणपत्रिकेवर गणिताच्या उत्तम श्रेणी होत्या. त्यामागे महामारी, प्रवेशपरीक्षा बंद होणे, शाळांतली श्रेणींची खैरात अशी निराळी कारणे आहेत. कोर्स गाळणाऱ्या मुलांचा त्यात दोष नाही. पण विद्यापीठे आता कोर्साच्या नावावर विसंबणार नाहीत, पहिल्याच आठवड्यात स्वतः चाचणी घेतील, आणि त्या चाचणीत समान छेद विचारला जाईल.

पुढे जाणे म्हणजे पुढच्या कोर्सात जाणे, ही समजूतच मुळात अपुरी आहे. एएमसी आणि एआयएमई या अमेरिकेतल्या गणितस्पर्धा किंवा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड यांत कॅल्क्युलस लागत नाही. संख्यांचे गुणधर्म, मोजणीच्या युक्त्या, भूमिती आणि बीजगणित, म्हणजे दहावीपर्यंत शिकवले जाणारे तेच विषय, पण इतक्या खोलवर की विद्यापीठातले प्राध्यापकही काही प्रश्नांपाशी थबकतात. वर्गातले गणित ज्याला कमी पडते त्याच्यासाठी वर चढण्याइतकीच खाली उतरण्याचीही वाट आहे, आणि ती बर्कलीच्या गणित मंडळासारख्या उपक्रमांतून १९९८ पासून उपलब्ध आहे. आपल्या डोळ्यांसमोर तर याहून जवळचे उदाहरण आहे. श्रीराम अभ्यंकर हे ग्वाल्हेरात वाढलेले, हार्वर्डमध्ये ऑस्कर झारिस्की यांच्याकडे डॉक्टरेट केलेले आणि नंतर कित्येक दशके इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकवणारे मराठी गणिती. बैजिक भूमितीसारख्या अत्यंत अमूर्त झालेल्या शाखेत काम करताना ते सतत ‘हायस्कूलच्या बीजगणिता’ची बाजू घेत असत, बहुपदींची हाताने केलेली उलथापालथ हेच आपले हत्यार आहे, असे ते अभिमानाने मांडत. त्यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे केले, आणि शाळकरी मुलांना ऑलिम्पियाडसाठी तयार करण्याचे काम तिथे पुढे वर्षानुवर्षे झाले. ज्या बीजगणितावर एका मोठ्या गणितीने आयुष्यभर भिस्त ठेवली, ते आपण जून-जुलैत उरकायला निघालो आहोत, ही विसंगती निदान लक्षात तरी यावी.

मग ठरवायचे कसे? पालकांनी आणि शाळांनी एक साधी अट पाळावी असे मला वाटते: जो कोर्स गाळायचा आहे त्याची वर्षअखेरची पूर्ण परीक्षा मुलाने आधी, तयारीचा क्लास न लावता, वर्गात बसून द्यावी. टेक्सासमध्ये न शिकलेल्या कोर्साचे श्रेय परीक्षेने मिळवायचे तर किमान ८० टक्के गुण लागतात. ही रेषा मला योग्य वाटते, कारण गणितात साठ टक्के येणे म्हणजे पुढच्या कोर्सातल्या प्रत्येक पानावर काहीतरी अडणे. कॅलिफोर्नियात विद्यापीठांनी मिळून १९७७ मध्ये सुरू केलेल्या निदान-चाचण्या आहेत, शिक्षकांना त्या मोफत मिळतात, आणि त्यांचा निकाल एका आकड्यात न येता विषयवार येतो: अपूर्णांक पक्के, घातांक कच्चे, आलेख ठीक. एकूण गुणांपेक्षा हा तपशील जास्त कामाचा आहे. ज्या मुलाला फक्त घातांक कच्चे आहेत त्याने उन्हाळ्यात तेवढेच करावे आणि पुढे जावे. उन्हाळी अभ्यासाला माझा विरोध नाही. अख्ख्या वर्षाला उन्हाळ्याचे कपडे घालण्याला आहे.

परीक्षेत न दिसणारी आणखी एक गोष्ट तपासावी लागते, आणि ती म्हणजे पुढे जायचे कोणाला आहे. जे मूल न सुटलेले गणित जेवताना बोलून दाखवते, ज्याला उत्तर मिळाल्यावरही ‘पण असे का?’ हा प्रश्न पडतो, त्याला अडवण्यात अर्थ नाही. एक-दोन कच्चे दुवे ते वाटेत भरून काढते. जे मूल मित्र पुढे गेले म्हणून किंवा आईबाबा म्हणतात म्हणून निघाले आहे, त्याला गुण ८५ असले तरी मी थांबायला सांगेन. याखेरीज शेवटच्या वर्षाचाही हिशेब आधी मांडावा लागतो: अकरावीत कॅल्क्युलस संपले आणि शाळेत पुढचा कोर्स नसला, तर बारावीत एक तर संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजला गाडीने नेण्या-आणण्याची सोय लागते, नाही तर वर्षभर गणित सुटते, आणि कॉलेजच्या पहिल्या सत्रात सुटलेला हात दिसून येतो.

शाळांकडून अपेक्षा एवढीच की परतीची वाट उघडी ठेवावी. कॅलिफोर्नियाच्या २०१५ च्या कायद्यात याची एक चांगली तरतूद आहे: शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात निदान एकदा मुलाची जागा योग्य आहे का हे पुन्हा तपासायचे, आणि निर्णय न पटल्यास पालकांना दाद मागता आली पाहिजे. कागदावर असलेली ही तरतूद प्रत्यक्षात बहुधा वेळापत्रकापाशी अडते. सप्टेंबरात ज्या मुलाला कळते की आपल्याला हे झेपत नाही, त्याला खालच्या कोर्साच्या वर्गात जागा नसते, किंवा जागा असते ती संगीताच्या तासाला, आणि काउन्सेलर म्हणतात की आता पुढच्या सत्रापर्यंत काढ. मग ते मूल ट्यूटर लावून, पाठ करून, कसेबसे ‘बी उणे’ घेऊन वर्ष काढते आणि गणित आपल्याला येत नाही असे स्वतःविषयीचे मत कायम करून टाकते. गाळण्याची परवानगी देणाऱ्या प्रत्येक शाळेने मागच्या कोर्सात काही जागा ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवाव्यात आणि तिथे परत आलेल्या मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर सोडलेल्या वर्गाची खूण राहू देऊ नये. यासाठी नवा पैसा फारसा लागत नाही. मे महिन्यात वेळापत्रक बांधताना दोन खुर्च्या जास्त धराव्या लागतात.